छत्तीस की अडतीस

सोमवार, ६ जानेवारी

टीम मिळाली शेवटी. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची पंपाची बॉडी, संपूर्ण नवं कास्टिंग. सतरा वर्षं दुसऱ्यांनी ओतलेल्या मालातले दोष काढत बसले, आता स्वतः एक उभं करायचं. साहेब म्हणाले, "तीन माणसं घ्या. मार्चअखेर नमुना पास झाला तर टीम कायम. नाही तर ज्याचा तो आपापल्या जागेवर." लाकडी पॅटर्न करणाऱ्या दस्तगीर चाचांचं नाव घेतलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, लाकडी पॅटर्नचं काम आपण या वर्षी बंदच करतोय. बाहेरून मशीनवर करून मिळतं."

म्हटलं, नमुन्यापुरते तरी चाचाच द्या. दिले.

खरं कारण सांगितलं नाही. मी ट्रेनी म्हणून आले तेव्हा फौंड्रीत बाई बघायची कुणालाच सवय नव्हती. डबा कुठं खायचा हाही प्रश्न. चाचांनी पॅटर्न शॉपमधलं टेबल पुसून दिलं, आणि खाता खाता सहा महिने शिकवलं. नमुना पास झाला तर त्यांची शॉप टिकेल. अठ्ठावन्न वय. निवृत्तीला अजून दोन वर्षं.

बुधवार, ८ जानेवारी

पहिली बैठक. फसली.

दोन रात्री बसून लॅपटॉपवर चकाचक तयारी केली होती. उद्दिष्टं, टप्पे, रंगीत चौकटी. बाळासो (मोल्डिंगचा, सत्तेचाळीस, कुजबुजला तरी गेटवर ऐकू जाईल असा आवाज) चौथ्या चौकटीला म्हणाला, "मॅडम, सगळं झ्याक हाय. पर वाळू कुठली देणार त्येवढं सांगा."

केतकी हसली नाही, वहीत लिहीत राहिली. पंचवीसची आहे, पुण्यातली नोकरी सोडून घरी परत आलीय. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग अप्रतिम करते. फौंड्री आतून आज पहिल्यांदा बघत होती.

लॅपटॉप मिटला. म्हटलं, चला पॅटर्न शॉपला. तिथं गेल्यावर मात्र सगळे बोलायला लागले. चाचांनी केतकीच्या हातात एक जुना लाकडी पॅटर्न दिला. "ह्यो वाळूत दाबायचा. ठसा उमटतोय, त्यात लोखंड वतायचं. आन् आत पोकळी पायजे असली तर तेवढ्या आकाराचा वाळूचा कोर करून मदी ठेवायचा. लोखंड त्येच्या भवतीनं बसतंय. झालं. एवढंच काम हाय, आन् एवढ्यातच माणसाचा जल्म जातोय."

केतकी "हो सर" म्हणाली.

"सर नगं म्हणूस पोरी. सर म्हटलं की मला पीटीचा तास आठवतोय. चाचा म्हण."

उद्यापासून बैठक तिथंच. सकाळी साडेआठ, चहा आल्यावर.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कागलच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांमुळं अर्धा तास अडकले. आईनं केलेले तिळाचे लाडू नेले. बाळासोनं एकदम चार उचलले. केतकीनं त्याला लाडू देताना अगदी पुस्तकातल्यासारखं "गोड बोला" म्हटलं, तर हा म्हणतो, "मी गोडच बोलतोय की. आवाज तेवढा मोठा हाय."

ती खळखळून हसली. पहिल्यांदाच.

बुधवार, २२ जानेवारी

ड्रॉइंग पक्कं झालं. चाचांनी लाकूड निवडलं. साग, जुना, वाळलेला. त्याचा वास घेतात अजून. ट्यूबलाइट बदलून मागितली, "उजेड मेल्यागत वाटतोय." बदलून दिली, एक जास्तीची लावली.

केतकी तासन्‌तास त्यांच्याजवळ उभी असते. स्क्रीनवर तीन दिवसांत काढलेली वळणं रंध्याखाली उमटताना बघून थक्क झालीय. मला म्हणाली, "ताई, मी हे काढताना हे कुणीतरी हातानं करणार आहे असं माझ्या डोक्यातच नव्हतं."

मॅडमची ताई झाले. कधी झाले कळलं नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

पॅटर्न तयार. कोर पाडायची लाकडी पेटी, कोरबॉक्स, तोही तयार. नुसता हात फिरवावा असं काम. तपासणीच्या कागदावर माझी सही लागते. केली. चाचांच्या कामाला मी काय माप लावणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिलं ओतकाम. बाळासोनं सकाळपासून कुणाला जवळ येऊ दिलं नाही, वाळू स्वतः दाबली. धातू ओतताना चौघंही रेषेत उभे होतो. केतकीनं माझा हात घट्ट धरला होता. साच्यातून पिवळी ज्योत निघाली, विझली.

उद्या कापून बघायचं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गेलं.

कापलं तर आत एका बाजूची भिंत दोन मिलिमीटर पातळ. दाब दिला तर तिथंच फुटणार. साहेब नेमके तेव्हाच आले. "कुणाची चूक?" असं विचारलं नाही, "कारण काय?" असं विचारलं. पण अर्थ तोच. सोमवारी लेखी पाहिजे म्हणाले.

केतकी पांढरीफटक. "ड्रॉइंगमध्येच असेल, माझंच असेल," म्हणत बाथरूमकडं गेली ती वीस मिनिटं आली नाही.  चाचा कापलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

मग बाळासो. सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं. "मॅडम, माझी चूक हाय. कोर बसवताना हालला. माझं नाव लिवा."

बाळासोला मी सतरा वर्षं ओळखते. चूक कबूल करताना आजवर पाहिलेला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळी लवकर गेले. कापलेला तुकडा घेऊन बसले. कोर हलला असता तर एक बाजू पातळ आणि समोरची तेवढीच जाड व्हायला हवी. समोरची बाजू अगदी बरोबर आहे. म्हणजे कोर हलला नाही, कोरच एका बाजूला मोठा आहे.

कोरबॉक्स मोजला. मध्यरेषेपासून एका बाजूला छत्तीस हवं. अडतीस आहे. ड्रॉइंग काढलं. केतकीनं स्वच्छ छत्तीस लिहिलंय. बारीक अक्षरात, पण स्वच्छ. तो आकडा लांब धरला, डोळे किलकिले केले. मग सहाचा आठ दिसू शकतो.

ट्यूबलाइट मागितली होती. मी ट्यूबलाइट दिली.

बाळासोला एकट्याला गाठलं. "चाचांच्या डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक होतं." त्यानं हातमोजे झाडले.

"व्हय."

"कधीपासून?"

"साल झालं. चहाचा कप टेबलावर ठेवायचा तर खालीच सोडला. मग गाडी इकली त्यांनी. मला म्हणाले, गाडी सारखी बंद पडतीया. मीच सोडतोय की रोज घरला. इचारलं न्हाई मी, त्यांनी सांगितलं न्हाई." मग कधी नव्हे तो आवाज खाली गेला. "मॅडम, शॉप बंद होणार म्हणत्यात. त्यात ह्ये कळलं तर उद्याच घरी बसवतील. माझं काय, मला चार शिव्या बसतील. मला सवय हाय."

 

रविवार, ९ फेब्रुवारी

चाचांच्या घरी. माझा नवरा अनिल म्हणाला मी येतो, पण एकटीच गेले. कागलमध्ये मशिदीच्या मागच्या गल्लीत, दारात कढीपत्त्याचं झाड. चाचींना वाटलं सहज आलेय, पोह्यांची तयारी सुरू केली. चाचांना नाही वाटलं तसं. मी कोरबॉक्सचं नाव काढायच्या आधीच म्हणाले, "किती निघालं?"

"अडतीस."

"म्हंजे दोन." मान हलवली. "अंगठ्याला लागलं हुतं मला त्या दिवशीच."

डाव्या डोळ्यात मधोमध डाग, त्याभोवती धूसर. उजवाही आता तसाच व्हायला लागलाय. साखर आहे दहा वर्षं. डॉक्टरकडं गेले नाहीत, कारण डॉक्टर कागदावर लिहून देणार, आणि कागद म्हटला की कुणीतरी वाचणार.

"तू माझं नाव सांगून मला टीममंदी घेतलंस. तुला सांगायचं हुतं गं. रोज सकाळी ठरवायचो. चहा यायचा, ती पोरगी हसायची, बाळासो वरडायचा... मग म्हणायचो, उद्या."

मी म्हणाले, सही करताना मी माप घेतलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. माझंही काम मी केलं नाही. तुमच्यावरच्या मायेनं केलं नाही, पण केलं नाही हे खरं.

"साहेबाला काय सांगणार?"

"कोरबॉक्सचं माप चुकलं, ते तपासायचं माझं काम राहिलं. एवढंच. डोळ्याचं तुमचं तुम्ही सांगायचं."

"सांगीन," म्हणाले. "पर मला सांगू दे. माझ्या टायमाला."

चाचींना ठाऊक नव्हतं. पोह्यांच्या बशा हातात घेऊन त्या दारात उभ्या होत्या. पोहे कुणीच खाल्ले नाहीत. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांच्याच डोळ्यांना पाणी होतं. मी रिक्षात बसून रडले.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांना कागद दिला. "तपासणी न करता सही?" म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." बरोबर बोलले. लागलं. अजून एक ओतकाम करायची परवानगी दिली, शेवटची.

अनिलला सगळं सांगितलं. तो मास्तर, त्याला प्रश्न पडणारच. म्हणतो, "खरं सांगितलंस, पण सगळं सांगितलं नाहीस."  

बुधवार, १२ फेब्रुवारी

साडेआठची बैठक. चहा आला. चाचांनी कप हातात घेतला नाही.

केतकीकडं बघून म्हणाले, "पोरी, तुझं ड्रॉइंग बरोबर हुतं. मला छत्तीस दिसलं न्हाई. मला आताशा नीट काईच दिसत न्हाई." मग बाळासोकडं वळले, "आन् तू रं, फुकटचा मोठेपणा घेतोस? परत माझ्यासाठी खोटं बोललास तर गाडीवर बसणार न्हाई तुझ्या."

बाळासो रडतो. हे मला माहीत नव्हतं. मोठ्यानंच रडतो.

केतकी पाच दिवस स्वतःला दोष देत होती, राजीनाम्याची मेल लिहून ठेवली होती म्हणे. मला वाटलं चिडेल. ती उठून गेली. अर्ध्या तासानं कार्डशीटचे दोन मोठे कागद घेऊन आली. त्यावर काळ्या मार्करनं आख्खं ड्रॉइंग, एकेक आकडा तळहाताएवढा. भिंतीला लावलं. चाचा दूर उभं राहून म्हणाले, "छत्तीस."



शनिवार, १५ फेब्रुवारी

बाळासो चाचांना कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला, मी थेट तिथं पोचले. साखरेनं पडद्याला इजा. डॉक्टर बाई तरुण होत्या, सरळ बोलल्या. गेलेली नजर परत येईल असं सांगत नाही. उजवा डोळा वाचवायचा प्रयत्न करू. दर महिन्याला इंजेक्शन, साखर ताब्यात. "आधी का नाही आलात?"

चाचा म्हणाले, "आता आलोय की."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नव्या कोरबॉक्सचं काम. पद्धत आपोआप ठरली. केतकी मोजते आणि मोठ्यानं म्हणते, चाचा कापतात, बाळासो परत मोजतो, शेवटी मी. प्रत्येक माप तीनदा. वेळ लागतो. पण केतकीनं आज पटाशी धरली. चाचांनी तिचं मनगट धरून कोन दाखवला, "दाबू नगंस, लाकडाला जायचं असतंय तिकडं जाऊ दे." नखाएवढी साल निघाली. ती तिनं वहीत ठेवली.

तिची आई विचारते म्हणे, कॉम्प्युटरची पोरगी तू, हाताला हे काय झालंय.

मंगळवार, ४ मार्च

रमजान सुरू. डॉक्टरांनी चाचांना रोजा धरायला साफ मनाई केलीय, गोळ्या वेळेवर आणि खाऊन घ्यायच्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा चुकतोय म्हणाले. दुपारी कँटीनमध्ये आलेच नाहीत. लोकांसमोर खायला लाज वाटते.

बाळासोनं आमचे डबे उचलले आणि पॅटर्न शॉपमध्ये मांडले. दार लोटून घेतलं. स्वतः दाराकडं पाठ करून बसला, इतका रुंद की बाहेरून काही दिसणार नाही. भाकरी, वांगं, दही. चाचांनी पहिला घास घेतला नि थांबले. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. केतकी उगाचच पावसाळ्यातल्या राधानगरीच्या गप्पा मारत राहिली, तिच्या मामाचं घर, भाताची खाचरं. मग ते जेवले.

आता रोज तसंच.

मंगळवार, ११ मार्च

दुसरं ओतकाम काल झालं. आज कापलं.

भिंत सगळीकडून बरोबर. चारदा मोजली. बाळासो ओरडला तो बहुतेक हायवेला ऐकू गेला असेल. चाचांनी तुकडा हातात घेतला, आत बोट घातलं, पूर्ण फिरवलं. "हां," एवढंच.

फ्लँजजवळ, पाइप जोडायच्या कडेला, एक बारीक छिद्र सापडलंय, टाचणीच्या टोकाएवढं. काम अडणार नाही. झाकलं तर कुणाला दिसणारही नाही. चौघांनी मिळून ठरवलं, नमुन्याबरोबर त्याचा फोटो आणि पुढच्या वेळी काय बदलणार तेही पाठवायचं. ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मंगळवार, १८ मार्च

पुण्याहून फोन. नमुना मिळाला, छिद्राबद्दल आधीच कळवलं म्हणून बरं वाटलं म्हणे. पण हो किंवा नाही काहीच नाही. परवा त्यांचे इंजिनियर स्वतः येणार, काम कसं केलं ते बघायला. साहेबांनी दोन दिवस झाडलोट लावलीय. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पॅटर्न शॉपमध्ये तो भिंतीवरचा कागद काढून टाका. बालवाडीसारखं दिसतं."

काढला नाही.

गुरुवार, २० मार्च

 आजचं आजच लिहिते.

इंजिनियर आले, चाळिशीचे, शांत. वाळू बघितली, बाळासोशी बराच वेळ बोलले. मग पॅटर्न शॉप. साहेब बरोबर. पाहुण्यांनी कोरबॉक्स उचलला, न्याहाळला, चाचांना म्हणाले, "सुंदर काम आहे. हे तुमचं?" खिशातून स्वतःचं ड्रॉइंग काढून त्यांच्यापुढं धरलं, एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे माप तुम्ही कसं राखलं?"

मी पुढं होणार होते. केतकीही. बाळासोनं तोंड उघडलं होतं.

चाचा म्हणाले, "साहेब, मला ह्यो आकडा दिसत न्हाई. डोळं गेल्यात माझं. पयला नमुना माझ्या डोळ्यापायीच फुकट गेला. ह्यो दुसरा ह्या तिघांच्या डोळ्यानं केलाय, हात तेवढं माझं."

 साहेबांचा चेहरा मी बघितला नाही, बघायचं धाडस झालं नाही. पाहुणे भिंतीवरच्या कागदाकडं बघत होते. जवळ जाऊन एका आकड्यावर हात ठेवला. मग चाचांना विचारलं, "या मुलीला किती शिकवून झालं?"

"आत्ता कुठं पटाशी धराय लागलीया," चाचा म्हणाले. "दोन सालं लागतील."

पाहुण्यांनी मान डोलावली. हो म्हणून डोलावली की नुसतीच, कळलं नाही. "आठवड्यात कळवतो," म्हणून गेले.

गाडी गेटबाहेर पडल्यावर साहेब परत आले. रागावलेले नव्हते. दमल्यासारखे दिसले. मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं." हो म्हणाले. मग चाचांकडं वळले. "उद्या दहाला माझ्या केबिनमध्ये या. तुम्ही आणि दस्तगीरभाई."

ते गेल्यावर चाचांनी टेबलाला हात टेकला. केतकीनं पाणी दिलं. मी म्हटलं, चाचा, मला विचारायचं तरी. ते हसले. "टायम आलाता की गं. आला की कळतंय."

बाळासो म्हणाला, "धाला आमीबी येतोय. मी आन् केतकी."

मी म्हटलं, बोलावलंय दोघांना. आणि केबिनमध्ये समोर खुर्च्याही दोनच आहेत.

"मग उभं ऱ्हाऊ की."